वळणाची जोड

ता. ६, मंगळवार

पहिला तुकडा वाया. दुसराही. तिसरा शिवून होईपर्यंत सासूबाई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, हे कापड आहे. पत्रा नाही. ओढू नका."

ओढलं नव्हतं! म्हणजे — थोडं ओढलं होतं.

हे सगळं कशासाठी चाललंय ते लिहून ठेवतो, नाहीतर पुढे कधी हे पान उघडलं तर मलाच वाटेल की माझं डोकं फिरलं होतं. मुलगी झाली. वेळेच्या फार आधी. दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. नाकात नळी, पायाला तार, छातीवर चिकटवलेल्या गोल चकत्या. नाव अजून नाही. वॉर्डात तिला 'पाच नंबर' म्हणतात, कारण पेटीचा नंबर पाच. डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून पेटीवर चादर टाकतात, पण चादर पातळ. मोठी सिस्टर म्हणाली, कुणाला येत असेल तर पेटीसाठी जाड पांघरूण शिवून आणा. बाहेरून गडद, आतून मऊ. आणि दोन्ही बाजूंना गोल खिडकी ठेवा, आमचे हात आत जायला.

सासूबाई तिथल्या तिथे म्हणाल्या, "मी आणते." आयुष्यभर गोधड्या शिवल्यात त्यांनी. पण सगळ्या सरळ! चौकोनाला चौकोन, पट्टीला पट्टी. घरी येऊन कापड पसरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की खिडकी गोल आहे. तिच्याभोवती फिकट कापडाचं कडं हवं, म्हणजे अंधुक उजेडात सिस्टरच्या हाताला ती पटकन सापडेल. वळणावर दोन कापडं जोडायची तर टाचणी चिमटीत घट्ट धरावी लागते. त्यांचा उजवा अंगठा गेलं वर्षभर वाकत नाही. सरळ धावदोरा कसाबसा घालतात, वळण नाही.

मग माझ्याकडे बघितलं. मी कुलपं दुरुस्त करतो, किल्ल्या घासतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या हातात काही कला आहे हे त्यांनी एकदाही कबूल केलेलं नाही. आज केलं! "तुमची बोटं बारीक कामाची आहेत," म्हणाल्या. काम लावायचं असलं की जावई गुणी होतो.

तर आधी सरावाचा तुकडा. ताटाएवढा चौकोन, त्यात चार लहान चौकोन, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पाव गोल. चारही जुळले की मधोमध अख्खा गोल. तो जमला तरच खऱ्या कापडाला हात लावायचा.

ही पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. सगळं ऐकत असणार.


ता. ७, बुधवार

आज शास्त्रशुद्ध पद्धतीने गेलो. दुकानातून मोजायचं यंत्र वर आणलं — किल्लीचे दात मोजतो ते. पुठ्ठ्याचे साचे कापले. दोन आकार: एक बाहेर फुगलेला, त्याला सासूबाई 'पोट' म्हणतात. दुसरा आत गेलेला, ती 'कमान'. पोट कमानीत बसवायचं. ऐकायला सोपं!

साच्यावरून कापड कापलं, कडा मोजल्या. पोटाची कड कमानीपेक्षा लांब. पुन्हा मोजलं. लांबच. मी म्हटलं, आई, तुमचा साचा चुकलाय. हे बसणं शक्य नाही.

त्या हसल्या. खूप दिवसांनी हसल्या. "कड कुणी मोजायला सांगितली? शिवण पडते ती रेघ कडेच्या आत असते. तिथे दोन्ही सारखे."

मोजलं. खरंच सारखे!

मग शिकवलं. दोन्ही तुकडे मधोमध दुमडायचे, नखाने घडी पाडायची. घडीला घडी लावून पहिली टाचणी. मग दोन्ही टोकांना दोन. आता मधलं कापड कुठे मावायचं नाही, उगीच फुगून बसतं — त्याला दटावायचं नाही. कमानीच्या कडेला बारीक बारीक काप द्यायचे, म्हणजे ती उघडते आणि पोटाला मिठी मारते. 'मिठी' हा शब्द त्यांचा. मी त्यांच्या तोंडून असा शब्द कधी ऐकला नव्हता.

एक काप रेघेच्या पार गेला. तुकडा वाया.


ता. ८, गुरुवार

चुण्या. चुण्या. चुण्या. उसवलं.


ता. ९, शुक्रवार

बापांना दुपारीच आत सोडतात. आयांना केव्हाही. रोज दुपारी दुकान बंद करतो, हिने काढून दिलेली दुधाची बाटली घेतो आणि जातो. दवाखाना जवळ आहे, पोस्टाच्या मागे. हात कोपरापर्यंत धुवायचे, वॉर्डाचा अंगरखा घालायचा, पेटीजवळ उभं राहायचं. बास. यापलीकडे मला काही काम नाही.

आज ते बघितलं. आधी सिस्टरने सांगितलं होतं, पण बघितलं नव्हतं. मुलगी श्वास विसरते! म्हणजे घेत असते, घेत असते, आणि मग थांबते. तिच्या ध्यानातच राहत नाही. मशीन ओरडायला लागलं. मी पण ओरडलो. मोठी सिस्टर शांतपणे आली, खिडकीतून हात घातला आणि तळपायावर टिचकी मारली. एवढंच. टिचकी! मुलीने अंग आक्रसलं आणि पुन्हा श्वास घेतला.

"होतं असं," सिस्टर म्हणाली. "लहान आहेत ना, विसरतात. आठवण करून द्यायची."

मी म्हटलं, मी इथेच बसतो, रात्रंदिवस बसतो, मी देतो आठवण करून. ती म्हणाली, "तुम्ही घरी जा. जेवलात का?"

जेवलो नव्हतो. ते वेगळं.

घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाईंनी हातातलं काम खाली ठेवून ऐकलं. ही भिंतीकडे. मी फोटो काढून आणला होता मोबाइलवर. म्हटलं, बघ तरी. "नको," म्हणाली. एकच शब्द.

हीच का ती? शाळेच्या वाचनालयात मुलांना गप्प बसवता बसवता स्वतःच बोलत सुटायची. मुख्याध्यापकांनी एकदा हिलाच 'शांतता राखा'ची पाटी दाखवली होती! आता दिवसाला पाच-सहा शब्द. नको. हो. बाटली. दार लावा. मुलीला बघायला एकदाही आलेली नाही. प्रसूतीनंतर दवाखान्यातच होती तेव्हाही खाटेवरून उठली नाही. घरी आली ती या पलंगावर. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, वेळ द्या, घाई करू नका. देतोय वेळ. मुलीकडे किती आहे कुणास ठाऊक.


ता. १०, शनिवार

एक जोड जमली असं वाटलं. इस्त्री फिरवली तर एका बाजूने होडीसारखी वर आली. सासूबाई म्हणाल्या, "तिरकस कापलेलं कापड ताणलं जातं. तुम्ही टाका घालताना श्वास रोखता आणि ओढता. श्वास घेत शिवा."

श्वास घेत शिवा! या घरात आता श्वासाशिवाय विषयच नाही.


ता. ११, रविवार

मी खाली दुकानात झोपतो. वर एकच खोली आणि स्वयंपाकघर, सासूबाई आल्यापासून जागा नाही. शटर खाली ओढलं की आत तेलाचा आणि लोखंडाचा वास. मेल्यासारखा झोपतो. सासूबाई म्हणतात माझं घोरणं वरपर्यंत ऐकू येतं, आणि शेजारच्या चष्मेवाल्याने विचारलं म्हणे, "दुकानात यंत्र नवीन घेतलं का?"

आज सुट्टी. सकाळपासून बसलो. कमान वर, पोट खाली, डाव्या हाताच्या बोटावर कापड वाकवून धरायचं, म्हणजे ते आपणहून वळतं. सुई ढकलायचं अंगुस्तान माझ्या बोटात जात नाही, सासूबाईंचं लहान पडतं. मी पितळी नळीचा तुकडा कापून, तोंड ठोकून माझं स्वतःचं बनवलं. त्यांना दाखवलं. उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "वजनदार आहे." कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत तीन पाव गोल! एकाला चुणी नाही, दुसऱ्याला एक बारीकशी, तिसऱ्याबद्दल बोलायला नको.

हिच्यासमोर धरले. बघितलं. चुणीवाल्या तुकड्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता बोलेल. मग पुन्हा भिंत.


ता. १२, सोमवार

चौथा झाला. चारही जोडले. गोल झाला! थोडा भोपळ्यासारखा, पण गोल. मग अस्तर, मध्ये कापसाचा थर, वर हा चौकोन. तिन्ही कच्च्या टाक्यांनी पकडून वर धावदोरा. तो सासूबाईंनी घातला, सरळ ओळीत. दुखऱ्या अंगठ्याला कापड गुंडाळून. मी म्हटलं राहू दे. "सरळ माझं, वाकडं तुमचं," म्हणाल्या.

इतका आनंद झाला की धुऊन, वाळवून, इस्त्री करून तडक दवाखान्यात घेऊन गेलो. सराव आहे हे विसरलोच. मनात एवढंच, की काहीतरी घेऊन जातोय! आजवर रिकाम्या हाताने जात होतो. बाटली असायची, पण ती हिची.

मोठ्या सिस्टरने दिव्याखाली धरला. उलटा केला. एका कोपऱ्यात गाठ होती आणि गाठीतून दोऱ्याचं एवढंसं टोक बाहेर. तिने ते चिमटीत धरलं आणि म्हणाली, "हे चालणार नाही."

का?

"असा दोरा बोटाला गुंडाळला जातो. यांची बोटं बघितलीत ना, काडेपेटीतल्या काडीएवढी. वळसा बसला तर रक्त थांबतं. कुणाला दिसत नाही आणि बोट जातं." मग माझं तोंड बघून म्हणाली, "शिवण छान आहे हो. पण एकही टोक बाहेर नको. एकही."

तुकडा घेऊन परत आलो. वाटेत बसस्टॉपच्या बाकावर बसलो. दोन बसगाड्या गेल्या. मला कुठल्याच बसने जायचं नव्हतं.

म्हणजे ते टोक मी स्वतःच्या हाताने नेलं असतं! तिच्या पेटीत, तिच्या बोटापाशी.


ता. १३, मंगळवार

सासूबाई भडकल्या. सिस्टरवर नाही — स्वतःवर. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या गाठीला नावं ठेवली नव्हती. सकाळी मी वर आलो तर सगळा तुकडा उसवून बसल्या होत्या. म्हटलं, अहो आई, माझे पाव गोल! "पुन्हा होतील," म्हणाल्या. "आता येतात तुम्हाला."

गाठ लपवायची ती अशी. दोऱ्याला बारीक गाठ मारायची. सुई कापडात थोडी लांबून घालायची, जिथे टाका हवा तिथे बाहेर काढायची, आणि हलकासा झटका द्यायचा. 'टुक' असा आवाज होतो आणि गाठ वरच्या कापडातून आत, कापसात जाऊन बसते. शेवटालाही तसंच. मग उरलेला दोरा ताणून कापडाला लागून कापायचा, तो आपोआप आत जातो. हे त्यांना येत होतं! फक्त कधी केलं नव्हतं, "मोठ्यांच्या गोधडीला कोण बघतंय" म्हणून.

झटका जास्त दिला तर गाठ दुसऱ्या बाजूने बाहेर. कमी दिला तर आत जातच नाही. कुलपाचा खटका बसतो तसंच आहे हे, जोर लावायचा नसतो. दुपारपर्यंत 'टुक' साधलं. पहिल्यांदा त्यांनी मान डोलावली.

मुलगी आज तीन वेळा विसरली. मी असताना.


ता. १४, बुधवार

समोरच्या इमारतीत एक बाई दाराबाहेर अडकल्या, आत गॅसवर भांडं. धावत गेलो, दार उघडलं, गॅस बंद केला. बाई माझे हात सोडेनात. "तुम्ही नसतात तर काय केलं असतं!"

जिन्यात येऊन बसलो.

कुलूप कुणीतरी बनवलेलं असतं. त्यात उघडायची वाट ठेवलेली असतेच, ती हुडकायची. म्हणून मी घाबरत नाही. पण त्या पेटीसमोर उभा राहिलो की मला कुठे हात घालायचा तेच कळत नाही. आणि घरी पलंगावर ही, तिथेही कळत नाही. दोन्हीकडे मी आपला बाहेर उभा.


ता. १५, गुरुवार

आज मोठी सिस्टर हसली नाही. डॉक्टरांनी बाजूला बोलावलं. रक्तात जंतू सापडलेत. औषध बदललंय. मी विचारलं, म्हणजे किती गंभीर? म्हणाले, "आमच्या हातात आहे ते सगळं करतोय." मग विचारलं, "बाळाच्या आईला आणता येईल का?"

हा प्रश्न मला कळला. न कळायला काय झालं.

घरी आलो, जसंच्या तसं सांगितलं. जंतू. औषध. बाळाच्या आईला आणा म्हणतात. सासूबाईंच्या हातातून सुई खाली पडली, त्या शोधायला वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. ही उठून बसली. पांघरुणाची कड मुठीत धरून. मी वाट बघितली. मग आडवी झाली.


ता. १६, शुक्रवार

आज आत सोडलं नाही. काचेतून बघितलं. चार जण पेटीभोवती, मला मधलं काही दिसत नव्हतं.


ता. १७, शनिवार

लिहू नये असं झालंय. लिहितो.

दुपारी वॉर्डातून आलो. मुलीचा रंग राखेसारखा. घरी आलो तर ही केस विंचरत बसली होती. शांतपणे! माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. म्हटलं, "विंचर. मस्त विंचर. तिकडे ती एकटी मरतेय आणि तू केस विंचर. आई आहेस का कोण आहेस तू?"

कंगवा हातातच राहिला. वर बघितलं माझ्याकडे. डोळे लाल, आत गेलेले. वाटलं होतं, आता ओरडेल. ओरडायला हवं होतं, बरं वाटलं असतं मला. काही नाही.

सासूबाई उठल्या. काहीतरी बोलणार होत्या, तोंड उघडलं होतं. हिने मान हलवली — की मला तसं वाटलं — आणि त्यांनी तोंड मिटलं. मग एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, खाली जा. आत्ता."

गेलो. दुकानात बसलो. एकाची किल्ली घासायला घेतली आणि दात उलटे पाडले.


ता. १८, रविवार

सकाळी वर जायची हिंमत होईना. शेवटी चहाचा कप घेऊन सासूबाईच खाली आल्या. बरोबर कापडाची पिशवी. दुकानाच्या बाकावर पसरलं सगळं. तेलाचा डाग लागू नये म्हणून खाली कोरा कागद. पुन्हा पोट, कमान, टाचण्या. आम्ही दोघं शिवायला बसलो.

चारही पाव गोल झाले. आजवरचे सगळ्यांत चांगले. चुणी नाही. दोन-दोन जोडून अर्धे केले, मग अर्ध्याला अर्धा. आणि मधोमध एका सुतळीएवढी चूक! वळण एका बाजूला संपतं आणि दुसऱ्या बाजूला भलतीकडेच सुरू होतं. उसवलं. पुन्हा. आता दुसरीकडे चूक. हातांना घाम, कापड मळायला लागलं.

मी म्हटलं, "आई, याने काय होणार आहे?"

खरंच विचारलं. रागाने नाही.

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला. "काही होणार नाही," म्हणाल्या. "शिवून कुणी वाचत नाही. माझे हात रिकामे राहिले तर मी हिला गदागदा हलवीन, आणि तुमचे राहिले तर तुम्ही कालच्यासारखं बोलाल. म्हणून शिवायचं."

मग माझ्याकडून तुकडा घेतला आणि दाखवलं: आधी दोन्ही शिवणी एकमेकींत अडकवायच्या, एक डावीकडे दुमडलेली, एक उजवीकडे. बोटाला खाच लागते. तिथे पहिली टाचणी. टोकापासून सुरू करायचं नाही, मधून सुरू करायचं आणि बाहेर यायचं.

मधून सुरू केलं.

गोल झाला.

कुणीच आनंद केला नाही. त्यांनी त्यावर एकदा हात फिरवला, मी एकदा.


ता. १९, सोमवार

हिची माफी मागायला गेलो. शब्द जुळवत जिना चढलो. ही झोपलेली — खरी झोप, तोंड थोडं उघडं. दिवसाढवळ्या. अलीकडे दिवसा फार झोपते. उठवलं नाही. बाटली उशाशी भरून ठेवलेली होती, ती घेतली.

वॉर्ड: तसंच. 'तसंच' हा आता चांगला शब्द आहे.


ता. २०, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडतंय असं वाटतंय. मी म्हटलं, वाटतंय म्हणजे? म्हणाले, "वाटतंय म्हणजे वाटतंय. अजून काही दिवस जाऊ द्या." त्या एका 'वाटतंय'वर घरापर्यंत आलो.

नवा चौकोन मोठ्या सिस्टरला दाखवला. दिव्याखाली धरला, चारही कडांवरून नख फिरवलं, कोपरे उलटे केले. टोक सापडलं नाही! "आता पांघरूण करा," म्हणाली. "गडद निळं घ्या."

सासूबाईंना सांगितलं. लगेच कापड काढायला उठल्या. हिलाही सांगितलं, तिच्या पाठीला. म्हटलं, औषध लागू पडतंय. तू येऊ नकोस वाटलं तर. मी जातो. मी त्या दिवशी जे बोललो ते — आणि तिचं पांघरूण सारखं करत बसलो. पाठ हलली नाही.

हिला कसं आणायचं, मला माहीत नाही. मुलगी वाचली आणि ही अशीच राहिली तर? मुलीला काय सांगायचं? कुणाला विचारायचं? डॉक्टर म्हणतात वेळ द्या. सासूबाई म्हणतात शिवा.


ता. २१, बुधवार

आज उजाडायच्या आत जाग आली. दुपारपर्यंत दम निघेना. गेलो. वॉचमनला म्हटलं, काचेतून बघतो आणि जातो. त्याने सोडलं.

रात्रपाळीची सिस्टर होती. या सिस्टरला मी कधी बघितलंच नव्हतं. पाच नंबरचा बाप म्हटल्यावर म्हणाली, "चुकामूक झाली हो. आत्ताच गेल्या त्या."

कोण?

"कोण काय? बाळाची आई. रोज येतात की. टाके निघायच्या आधीपासून, भिंतीला धरून धरून यायच्या. पेटीत हात घालून बसतात. उजाडायला लागलं की निघतात. आजी खाली बाकावर थांबलेल्या असतात."

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि आवाज खाली केला. "तुम्हाला माहीत नाही का? मला वाटलं माहीत असेल. म्हणतात, ह्यांच्याबरोबर नको. ह्यांचा चेहरा बघितला की वाटतं सगळं संपलं, मग माझाच धीर जातो. आधी एकटीने बघून येते, म्हणजे दिवसभर त्यांच्यासमोर पडून राहता येतं."

घरी आलो. जिना चढलो. सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, मला बघून त्यांनी चहाचं आधण खाली उतरवलं आणि पाठ केली. ही भिंतीकडे तोंड करून. पावलं पांघरुणाबाहेर होती, गार पडलेली, टाचांना रस्त्याची धूळ.

पायथ्याशी बसलो. दोन्ही पावलं हातात घेतली. तिने काढून घेतली नाहीत.